पोटातला युरियाचा कारखाना

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक बाई आपल्या यजमानांना घेऊन आमच्या ओपीडीत आल्या. यजमानांचे वय ६४. पंधरा दिवसांपासून ते दिवसा झोपत होते आणि रात्रभर घरात येरझाऱ्या घालत होते. चहात साखरेऐवजी मीठ घातले. बँकेत पैसे काढायला गेले तर सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली. शेजारपाजारी कुजबुज सुरू झाली, "रिटायर झाल्यावर प्यायला लागले वाटतं." कुणाच्या तरी सांगण्यावरून दृष्टही काढून झाली होती. मुलाने ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणल्या. त्या घेतल्यावर तर माणूस धड बोलेनासाच झाला.

"डॉक्टर, माझ्या गळ्याशप्पथ सांगते, ह्यांनी उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही," बाई म्हणाल्या. त्यांना आधी तेच सांगायचे होते.

मी काकांना दोन्ही हात समोर ताठ धरून मनगटे वर उचलायला सांगितली, रस्त्यावरचा पोलीस गाडी थांबवतो तशी. काही सेकंदांतच पंजे खाली झुकले, परत वर आले, परत झुकले. पक्ष्याने पंख फडफडवावेत तसे. जुन्या कागदांत निदान होते: यकृताचा सिरोसिस. मधुमेह आणि त्यातून वाढत गेलेले फॅटी लिव्हर हे त्याचे कारण. "पोट साफ होतं का?" असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "चार दिवस झाले, नाही." रोगाचे कोडे तिथेच बरेचसे सुटले. यकृताच्या आजारामुळे मेंदूवर आलेली ही गुंगी होती. वैद्यकीय भाषेत तिला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. तिच्यामागचा मुख्य संशयित म्हणजे रक्तात साठलेला अमोनिया.

"आधी नोकरी कुठे करायचे?" मी विचारले.

"खत कारखान्यात. अमोनियाच्या प्लँटवर ऑपरेटर होते."

कारखान्यात काम केल्यामुळे हा आजार झाला नव्हता, हे आधीच स्पष्ट करतो. पण उपचारांनी तिसऱ्या दिवशी काका शुद्धीवर आले आणि आमच्या ज्या गप्पा झाल्या, त्यातून मला हा आजार समजावून सांगायची सोपी रीत सापडली.

लोखंडाचा तुकडा

हवेत नायट्रोजन भरपूर आहे. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तो सहजी कशाशीच संयोग पावत नाही. १९०९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून सतत अमोनिया तयार करून दाखवला. त्यासाठी त्यांनी ऑस्मियम हा दुर्मीळ धातू उत्प्रेरक म्हणून वापरला होता. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्च न होणारा पदार्थ. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ म्हणा हवे तर. दोन घरांची गाठ घालून देतो आणि पुढच्या स्थळाकडे वळतो.

ऑस्मियमवर कारखाना चालणे शक्य नव्हते. मग बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो प्रयोग करून स्वस्त पर्याय शोधला. स्वीडनच्या खाणीतले मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचे एक ऑक्साइड, चांगले काम करते असे दिसले. त्यात ॲल्युमिना, पोटॅशियम अशी थोडी भर घातली की ते आणखी चांगले चालते. १९१३ मध्ये ओपाऊ येथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आजही जगातल्या बहुतेक अमोनिया कारखान्यांत लोखंडावर आधारलेलाच उत्प्रेरक असतो. त्यात अलिबागजवळच्या थळसारखे आपले खत कारखानेही आले. लोखंडाच्या पृष्ठभागावर अणू नेमके कसे सुटतात आणि जुळतात, हे टप्प्याटप्प्याने उलगडणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना २००७ चे नोबेल मिळाले.

या अमोनियापासून पुढे युरिया बनतो. मी काकांना म्हटले, "तिथेही उत्प्रेरक लागत असेल." त्यांनी पडल्या पडल्या मान हलवली. "नाही डॉक्टर. कॅटॅलिस्ट अमोनियाच्या कन्व्हर्टरमध्ये. युरियाच्या रिॲक्टरला कॅटॅलिस्ट नसतो, तिथे नुसतं प्रेशर आणि टेंपरेचर." त्यांचे बरोबर होते. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून युरिया बनवायला साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दीडशेपटीच्या आसपास दाब लागतो. चार दिवसांपूर्वी ज्यांना वार सांगता येत नव्हता ते मला दुरुस्त करत होते. कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा मला तो रिपोर्ट मोलाचा वाटला.

३७ अंशांवरचा युरिया

आपले यकृत हाच युरिया ३७ अंशांवर, काही आवाज न करता बनवते. डाळ, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिने शरीरात मोडली की त्यांतला नायट्रोजन शेवटी अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. आतड्यातले जिवाणूही अमोनिया तयार करतात. अमोनिया मेंदूला घातक असतो. म्हणून यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी प्रौढ माणूस रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर टाकतो.

कारखान्याला जे प्रचंड दाबाखाली करावे लागते, ते यकृत विकरांच्या म्हणजे एन्झाइमच्या जोरावर करते. विकर हे शरीरातले उत्प्रेरकच. १९३२ मध्ये फ्रायबुर्ग येथे हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्यांवर प्रयोग केले. त्यांना दिसले की ऑर्निथिन नावाचे अमिनो आम्ल थोडेसे घातले तरी युरिया भराभर तयार होतो आणि ऑर्निथिन मात्र खर्च होत नाही. म्हणजे तेही चक्रात फिरून परत जागेवर येत होते. या युरिया चक्रात पाच विकर एकापाठोपाठ एक काम करतात. त्यांतला शेवटचा, आर्जिनेज, आपल्या पोटात मँगनीजचे अणू बाळगून असतो. कारखान्यात लोखंड, यकृतात मँगनीज. धातूंवाचून इथेही चालत नाही.

बायपासची लाइन

मग सिरोसिसमध्ये बिघडते काय? दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर अशा कोणत्याही कारणाने वर्षानुवर्षे सूज राहिली की यकृतात व्रण तयार होतात. मऊ यकृत कडक, गाठीगाठीचे होते. काम करणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणजे विकर कमी होतात. शिवाय आतड्याकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेत दाब वाढतो. वाट तुंबली की पाणी जसे बांध फोडून दुसरीकडून जाते, तसे हे रक्त आडवाटांनी यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे आणि तिथून मेंदूकडे जाते.

हे ऐकल्यावर काका चटकन म्हणाले, "म्हणजे बायपास लाइन उघडी राहिलीय. गॅस कॅटॅलिस्टवरून जातच नाही."

अगदी तेच. १८७७ मध्ये रशियातल्या निकोलाय एक यांनी कुत्र्यांमध्ये शस्त्रक्रिया करून असा बायपास मुद्दाम तयार केला होता. १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले की अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातले की ती झोकांड्या खातात आणि पुढे बेशुद्धही पडतात. दारू न पिता झिंगल्यासारखे दिसणाऱ्या माणसाची गोष्ट तेव्हाच सांगितली गेली होती.

उपचार साधे, पण नेमके

काकांना दिलेले मुख्य औषध म्हणजे लॅक्टुलोज हे गोड पातळ औषध. १९६६ पासून ते या आजारात वापरले जात आहे. ही साखर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात जिवाणू तिचे आम्ल करतात, त्या आम्लात अमोनिया अडकून राहतो आणि शौचावाटे निघून जातो. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच होईल इतकाच डोस ठेवायचा. जास्त झाला तर जुलाब होऊन शरीर कोरडे पडते आणि गुंगी उलट वाढते. पुन्हा पुन्हा त्रास होणाऱ्यांना रिफॅक्झिमिन हे आतड्यातच काम करणारे प्रतिजैविक जोडले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा महिन्यांच्या चाचणीत हा त्रास परत होण्याचे प्रमाण या औषधाने सुमारे ४६ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले होते.

याहून महत्त्वाचे म्हणजे गुंगी का आली हे शोधणे. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, काळे शौच किंवा रक्ताची उलटी, पाणी कमी पडणे, लघवीच्या गोळ्यांचा डोस जास्त होणे आणि झोपेच्या गोळ्या ही नेहमीची कारणे आहेत. काकांच्या बाबतीत पहिले आणि शेवटचे एकत्र आले होते.

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. नव्वदच्या दशकात आम्ही अशा रुग्णांना सरसकट सांगायचो, "डाळ बंद, दूध बंद, अंडे तर नकोच." अमोनिया प्रथिनांतून येतो, तेव्हा प्रथिने तोडा, असा सरळ हिशेब होता. हिशेब चुकीचा होता. रक्तातला अमोनिया पकडण्याचे काम यकृताखालोखाल आपले स्नायू करतात. प्रथिने तोडली की स्नायू झडतात आणि दुसरी फळीही ढासळते. २००४ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी गुंगी आलेल्या रुग्णांचे दोन गट करून तुलना केली. प्रथिने कमी केलेल्यांना काहीही फायदा झाला नाही, उलट त्यांच्या शरीरातील प्रथिने अधिक मोडली गेली. आज आम्ही वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतो. वरण, उसळ, दही, पनीर, सोसत असेल तर अंडे. उपास करायचे नाहीत आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खायचे. माझ्या त्या जुन्या सल्ल्याने हातापायांच्या काड्या झालेले काही रुग्ण मला अजून आठवतात.

नवे उत्प्रेरक, नवी आशा आणि सबुरी

उत्प्रेरकांचे शास्त्र आता यकृताकडे वेगळ्या वाटेनेही येते आहे. २००७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवले की मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण पेरॉक्सिडेज या विकरासारखे काम करतात. अमोनियाच्या कारखान्याला हवे असते तेच हे लोखंडाचे ऑक्साइड. अशा पदार्थांना 'नॅनोझाइम' म्हणतात. मोटारीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असणारे सेरियम ऑक्साइडही त्यांतलेच. ते ऑक्सिजन सहज घेते आणि सहज सोडते. म्हणून पेशींना जाळणारी घातक ऑक्सिजन संयुगे ते शमवू शकते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृतात व्रण झालेल्या उंदरांना हे कण दिल्यावर यकृतातली चरबी, सूज आणि शिरेतला दाब कमी झाला.

वाचून आशा वाटते, मलाही वाटते. पण हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. असे कण यकृतात दीर्घकाळ राहिले तर काय होईल, हे माणसांत तपासल्याशिवाय त्याचे औषध होत नाही. तेव्हा उद्या कुणी 'नॅनो' शिक्क्याची किंवा 'लिव्हर डिटॉक्स'ची बाटली पुढे केली तर ती घेऊ नका. काविळीची माळ आणि पुडी यांच्याबद्दलही तेच सांगेन.

आपल्या हातात आज जे आहे ते अधिक भरवशाचे आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस द्या. हिपॅटायटिस सी बहुतेकांमध्ये साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. दारू सोडा. मधुमेह आणि पोटाचा घेर आटोक्यात ठेवा. आणि घरात सिरोसिसचा रुग्ण असेल तर झोपेची वेळ उलटणे, अक्षर बिघडणे, साध्या हिशेबात चुकणे याला म्हातारपण किंवा व्यसन म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. अशा माणसाला गाडीही चालवू देऊ नका.

काका आता दर महिन्याला तपासणीला येतात. त्यांच्या पत्नीने एक दोनशेपानी वही केली आहे. रोज सकाळी काका त्यात तारीख घालून सही करतात. पुढे काकू शौचाच्या वेळा, वजन आणि औषधाचा डोस लिहितात. "प्लँटवर दर तासाला लॉगशीट भरायचो, तसंच हे," काका म्हणतात. परवा मी पाने चाळत होतो. गणपतीच्या आठवड्यात तीन दिवस सही वाकडी झाली होती. काकूंनी त्या दिवशी शौचाच्या रकान्यात शून्य पाहिले, लॅक्टुलोजचा डोस मी सांगून ठेवल्याप्रमाणे वाढवला आणि मला फोन केला. चौथ्या दिवशी सही सरळ होती. त्या वेळी त्यांना भरती व्हावे लागले नाही.