रानात केव्हा जावे?

— बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाची सहल चिखलदऱ्याला गेली. सूचनाफलकावर ठळक अक्षरांत ‘वन्यजीव दर्शन’ असे लिहिले होते. पहाटे अंधारात गाडी निघाली. परतवाडा सोडून घाटाला लागलो आणि धुके सुरू झाले, ते संध्याकाळी घाट उतरेपर्यंत सुटले नाही. भीमकुंडावर उभे राहून आम्ही खालच्या दरीकडे पाहिले. दरीच्या जागी पांढरा कापूस पिंजून भरल्यासारखे दिसत होते. धबधब्याचा आवाज तेवढा आला. भाजलेली मक्याची कणसे खाल्ली, ती हिसकावणारी वानरे पाहिली आणि परत आलो. परतताना मागच्या बाकावरून एक वर्गमित्र म्हणाला, “याच्याहून जास्त जनावरं तं आमच्या वावरात दिसतात लेका!” सगळी गाडी हसली. मला मात्र ते बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही.

घरी येऊन मी बाबांना सर्व वृत्तांत सांगितला. बाबांनी चौथीनंतर शाळा सोडली; आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यांनी बैलांना वैरण टाकता टाकता माझे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “पावसायात कायले गेले वं? पावसायात रान दार लाऊन घेते. जनावर पाह्याचं असन तं पानी कमी होऊ द्या.”

या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी मी नंतर ग्रंथालयात बसले, भूगोलाच्या मॅडमना प्रश्न विचारून भंडावले आणि घरच्यांना त्याहून जास्त. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते आहे. यंदाच्या सहलीची तारीख अजून ठरायची आहे, हे एक कारण. आणि सहलीची वर्गणी आमच्यासारख्यांच्या घरात सहज निघत नाही, हे दुसरे. एकदा वाया गेलेले पैसे पुन्हा मागायला जीव धजत नाही.

वऱ्हाडातले रान हे पानगळीचे रान आहे. साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, पळस ही आपली झाडे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो तेवढ्यावर त्यांना वर्ष काढायचे असते. आपल्या वाशीम जिल्ह्यात तो आठ-नऊशे मिलीमीटर. पाऊस थांबला की जमिनीतला ओलावा हळूहळू आटतो. पान म्हणजे पाणी उडून जाण्याची वाट. म्हणून झाड स्वतःच ती वाट बंद करते, पाने टाकून देते. जानेवारीपासून साग उघडा पडू लागतो आणि होळीपर्यंत रान आरपार दिसायला लागते. श्रावणात ज्या झाडीत दहा पावलांवरचे दिसत नाही, तिथे एप्रिलमध्ये शंभर पावलांवरचा नीलगाय, म्हणजे आपला रोही, सहज नजरेस पडतो.

पानांपेक्षाही मोठे कारण पाण्याचे आहे. पावसाळ्यात प्रत्येक नाला वाहतो, प्रत्येक खळग्यात पाणी असते. चितळाला, सांबराला तहान भागविण्यासाठी कुठेच जावे लागत नाही; ते रानभर पांगलेले राहते. त्यात गवत माणसाएवढे वाढलेले. जनावर वीस हातांवर असूनही आपल्याला दिसणार नाही, त्याला मात्र आपला वास केव्हाच आलेला असतो. हिवाळ्यात नाले तुटू लागतात, वाहणाऱ्या पाण्याचे डोह होतात. उन्हाळ्यात डोहही आटतात आणि मैलोन्‌मैल रानात मोजके पाणवठे उरतात. रानगव्याला रोज पाणी पाहिजे. चौसिंग्यालाही पाहिजे, म्हणून तो पाण्यापासून फार लांब जात नाही. वाघ तर भर दुपारी पाण्यात बसून राहतो. सारे रान असे चार-दोन जागी गोळा होते. बाबा म्हणाले ते ‘दार’ उघडते ते या वेळी.

म्हणूनच वनखात्याची पाणवठ्यावरची प्रगणना वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री होत आली. उन्हाळा टोकाला पोचलेला असतो आणि चांदणे इतके लख्ख असते, की बॅटरी न लावता मचाणावरून पाण्यावर आलेले जनावर ओळखता येते. आता वाघांची मोजणी या पद्धतीने होत नाही. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून तिच्यात स्वयंचलित कॅमेरे आले. पण मचाणावरची रात्र अनेक अभयारण्यांत निसर्गानुभव म्हणून चालू राहिली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘उन्हाळ्यात जा’ हा नियम जगातल्या सर्व रानांना लागू नाही. ज्यांना वर्षावने म्हणतात, तेथे पाने एकदम गळत नाहीत. उन्हाळ्यातही छत घट्टच राहते. आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे आंबोली घ्या. तेथे वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाशीमच्या सात-आठ पट! आंबोलीचे खरे धन म्हणजे बेडूक, साप, कीटक; आणि हे सारे पावसातच बाहेर येतात. मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला फेसाचे घरटे करतो, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिले सरळ खाली पाण्यात पडतात. हे मे महिन्यात जाऊन कसे दिसणार? तिकडे जावे तर भर पावसात, हातात छत्री आणि पायांत जळवांची तयारी ठेवून. दूरच्या अॅमेझॉनच्या खोऱ्यात तर हिशेब आणखी निराळा आहे. तेथे नदी दरवर्षी दहा-दहा मीटर चढते. मानाउस शहराजवळ जूनच्या सुमारास पाणी सर्वांत वर असते, तेव्हा नाव थेट झाडांच्या फांद्यांतून जाते आणि शेंड्यावरची माकडे, पक्षी डोळ्यांसमोर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी उतरले, की वाळूचे काठ आणि त्यावर ऊन खात पडलेल्या सुसरी दिसतात. म्हणजे प्रश्न ‘केव्हा जावे’ एवढाच विचारला तर तो अर्धा आहे. काय पाहायचे आहे, हे आधी सांगावे लागते.

हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता विचारून पाहू. आपल्याकडे दोन अभयारण्ये आहेत, हे मला स्वतःला महाविद्यालयात येईपर्यंत माहीत नव्हते. त्यातले एक तर आमच्या गावापासून बैलगाडीच्या वाटेवर आहे!

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर, म्हणजे लहानच. हे गवताळ माळरान आहे. काळवीट दाट झाडीत राहत नाही. मोकळ्यावर राहून दुरून शत्रू पाहणे आणि पळून जाणे, हा त्याचा बचाव. तेव्हा पानगळीचा येथे फारसा संबंध नाही, गवताच्या उंचीचा आहे. दिवाळीनंतर गवत पिवळे पडून बसू लागते आणि डिसेंबर ते मार्च या काळात सकाळच्या कोवळ्या उन्हात कळप छान दिसतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नर आपापली जागा राखतात, एकमेकांना शिंगे भिडवतात. मान मागे टाकून, पिळाची शिंगे पाठीला टेकवून ऐटीत चालणारा काळा नर मी गेल्या फेब्रुवारीत पाहिला. एस. टी. चे तिकीट आणि घरचा डबा एवढ्याच खर्चात!

दुसरे काटेपूर्णा. ही नदी आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरात उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे जाते. महानच्या धरणाने तिचे पाणी अडविले आहे. अकोला शहर तेच पिते. धरणाभोवतीचे सुमारे ७३ चौरस किलोमीटरचे रान १९८८ पासून अभयारण्य आहे, काही अकोला जिल्ह्यात, काही आपल्याकडे. येथे हंगाम दोन. हिवाळ्यात जलाशयावर उत्तरेकडून पाहुणे पक्षी उतरतात. चक्रवाकाची केशरी जोडी मी तेथेच पहिल्यांदा ओळखली. आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटते, चिखलाचा काठ उघडा पडतो, त्यावर रात्रीची सगळी ये-जा उमटलेली असते. चौसिंगा, भेकर, रानडुक्कर, क्वचित बिबट्या. जनावर दिसले नाही तरी पाऊल दिसते, आणि पाऊल वाचता येणे ही जनावर दिसण्यापेक्षा मोठी विद्या आहे असे माझे मत झाले आहे.

मेळघाटाविषयी थोडक्यात लिहिते. १९७३-७४ साली देशातले जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प निवडले गेले त्यांत मेळघाट होता. पण तो डोंगर-दऱ्यांचा मुलूख; वाघ पाहायचाच हट्ट असेल तर ताडोबा बरे. मेळघाटात सिपना नदीच्या काठाने मार्चमध्ये फिरावे, मोह गळत असताना. मोहाच्या फुलांसाठी पहाटे अस्वल येते आणि त्याच फुलांसाठी कोरकू बायाही टोपल्या घेऊन येतात. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पांचा गाभा बहुतेक ठिकाणी पर्यटनाला बंद असतो, हेही सहल ठरविणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते.

वन्यजीवांवर मराठीत लिहिणाऱ्यांत मारुती चितमपल्ली यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. वनाधिकारी म्हणून मेळघाटात राहिलेल्या या माणसाने रानातल्या लोकांकडून शब्द आणि ज्ञान गोळा केले. त्यांची पुस्तके वाचताना मला पुन्हा पुन्हा बाबांचे बोलणे आठवले. पावशा ओरडला की बाबा आकाशाकडे पाहतात. ‘पेरते व्हा’ असे तो सांगतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. ज्यांना पक्षी पाहायचे त्यांच्यासाठी हाच काळ, मृगाच्या आगेमागे. चातक येतो, नवरंग येतो, मोर नाचतो. जनावर हरवते तेव्हा पक्षी गवसतो.

आता या विषयाची जी बाजू पुस्तकांत मला फारशी सापडली नाही, ती सांगते.

मे महिना जनावर पाहण्यासाठी उत्तम, हे खरे. पण त्याच महिन्यात माझी माय तेंदूपत्ता तोडायला रानात जाते. अभयारण्याबाहेरचे रान, पण जनावराला हद्द कुठे कळते! पहाटे चारला बाया निघतात. उन्हे चढेपर्यंत पाने तोडायची, घरी आणून पुडकी बांधायची, संध्याकाळी मोजून द्यायची. आमची पुस्तके, सहलीची वर्गणी, सारे त्या पुडक्यांतूनच येते. रानात प्यायला पाणी म्हणजे कोरड्या नाल्यात हाताने उकरलेला झिरा. त्याच झिऱ्यावर रात्री डुकरे येऊन जातात. दोन वर्षांपूर्वी माय सकाळी झिऱ्यावर वाकली आणि पलीकडच्या करवंदीतून पिलांसह डुकरीण उठली. माय टेंभुर्णीच्या झाडावर कशी चढली ते तिलाही सांगता येत नाही. मांडीवर ओरखडा राहिला आहे. ती म्हणते, “तिचं काय चुकलं? तिलेही पानीच पाह्यजे होतं.”

तेव्हापासून ‘पाणवठ्यावर जनावरे हमखास दिसतात’ हे वाक्य मी निराळ्या रीतीने वाचते. हमखास दिसतात, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते. अशा वेळी पाण्यावर गाड्या लावून गलका करीत बसलो, तर तहानलेले जनावर झाडीत थांबून राहते. आपला एक तास जातो, त्याचे काय जाते ते आपल्याला दिसत नाही. म्हणून उन्हाळ्यात जायचे तर कमी संख्येने, पाण्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि तोंड बंद ठेवून. पन्नास जणांची सहल आणि मे महिना यांचे जमत नाही.

शिवाय आपल्यातले किती जण मे मध्ये मोकळे असतात? जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. त्या दिवसांत हजेरीपटावर आमच्या वर्गातली निम्मी मुले गैरहजर असतात, हे गुरुजनांना सांगायला नको. उत्तम हंगाम कोणता, याचे उत्तर शहरातल्या मुलाचे वेगळे आणि आमचे वेगळे.

हे सारे धरून माझी सूचना अशी आहे. यंदाची मोठी सहल फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, कारंजा-सोहोळ आणि जाता-येता अडाण धरणावरचे पक्षी, एका दिवसात. तूर घरी आलेली असते, हरभरा सोंगायचा असतो, परीक्षा लांब असते. खर्च कमी, त्यामुळे मुलीही जास्त येतील. वैशाखी पौर्णिमेच्या मचाणासाठी ज्यांना जमेल अशा दोघा-तिघांनी वनखात्याकडे अर्ज करावा आणि आल्यावर इतरांना सांगावे. मला तेव्हा तेंदूपत्ता असेल. कपडे मातकट घालावेत, अत्तर लावू नये, पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात.

आणि यातले काहीच जमले नाही, तर डिसेंबरात हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या वावरात जागलीला या. रात्री अकरानंतर धुऱ्यापलीकडून रोही येतात, पहाटेकडे डुकरे. डबा वाजवून त्यांना हाकलायचे काम पाहुण्यांनाही करावे लागेल. मचाणावर जागा मात्र दोघांचीच आहे, तेव्हा आधी कळवावे.