मलिक अंबर

मलिक अंबर : (सु. १५४८–मे १६२६). अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी सेनापती व मुख्य प्रधान. राजधानी शत्रूच्या हाती पडली असता व राजा कैदेत असता त्याने ती सत्ता पुन्हा उभी केली आणि सुमारे पंचवीस वर्षे मोगलांना दक्षिणेत थोपवून धरले. त्याचा जन्म इथिओपियात झाला. मूळ नाव चापू असल्याचे एका समकालीन डच व्यापाऱ्याच्या वृत्तांतावरून दिसते. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला व तांबड्या समुद्राच्या व्यापारी मार्गाने बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला शिक्षण दिले, हिशेब व कारभार शिकविला आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे दक्षिणेत आणल्यावर अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान हा स्वतः एके काळी हबशी गुलाम होता. दक्षिणेतील शाह्यांत लष्करी गुलामाला गुण दाखविल्यास सरदारकीपर्यंत चढता येत असे, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय अंबरच्या उत्कर्षाचा उलगडा होत नाही.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर (सु. १५७५) अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला, असे सांगतात. पगार व मान यांवरून खटका उडाल्याने तो आपले स्वार घेऊन अहमदनगरला परतला. या सुमारास निजामशाहीत वारसाहक्कावरून तट पडले होते व अकबराच्या फौजा दाराशी आल्या होत्या. ⇨चांदबिबीने १५९५–९६ मध्ये किल्ला लढविला. परंतु १६०० मध्ये तिचा तिच्याच लोकांकडून वध झाला, किल्ला मोगलांनी घेतला आणि अल्पवयी बहादुर निजामशाह ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेला. मोगलांच्या लेखी निजामशाही संपली होती. प्रत्यक्षात मोगलांच्या हाती किल्ला व त्याभोवतालचा थोडा मुलूख एवढेच आले होते. अंबरने परांडा येथे राजघराण्यातील एका पुरुषास दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसविले व आपली मुलगी त्याला दिली. राजू दखनी या प्रतिस्पर्धी सरदाराशी त्याला काही वर्षे झगडावे लागले. १६०७ च्या सुमारास राजूचा पाडाव झाल्यावर राज्याची सूत्रे निर्विवादपणे अंबरकडे आली. राजधानी प्रथम परांडा, नंतर जुन्नर व पुढे दौलताबाद अशी हलत राहिली.

त्याची युद्धपद्धती परिस्थितीतून घडली होती. मोगलांची भारी घोडदळे व तोफखाना यांच्याशी मोकळ्या मैदानात सामना करणे त्याला परवडणारे नव्हते. त्याऐवजी त्याने हलके मराठे स्वार मोठ्या संख्येने चाकरीस ठेवले. समकालीन फार्सी ग्रंथकार त्यांना बर्गी म्हणतात. शत्रूला घाटवाटांनी आत ओढावे, त्याची रसद तोडावी, वैरण जाळावी, रात्री छावणीवर छापे घालावेत आणि तो माघारी वळला म्हणजे पिछाडीवर तुटून पडावे, असा हा क्रम होता. सह्याद्रीच्या दऱ्या व बालाघाटची डोंगररांग या रीतीला अनुकूल होती. विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने १६१० च्या सुमारास अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी व चाळीस हजार दखनी असल्याचे नमूद केले आहे. आकडा ऐकीव असला, तरी दखनी लोकांचे त्यातील प्राबल्य खरे आहे.

जहांगीरच्या कारकीर्दीत एकामागून एक सेनापती दक्षिणेत पाठविण्यात आले. अब्दुर्रहीम खानखानानची मोहीम फसली व १६१० मध्ये अंबरने अहमदनगरचा किल्ला परत मिळविला. पुढच्या वर्षी दोन बाजूंनी चालून जाण्याचा बेत ठरला. गुजरातकडून नाशिकमार्गे आलेला अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला, बर्गी स्वारांनी त्याला हैराण केले आणि तो बागलाणातून गुजरातेत परतला. मात्र १६१६ मध्ये अंबरचे काही सरदार फितूर होऊन मोगलांना मिळाले आणि जालन्याजवळ रोशनगाव येथे शाहनवाजखानाने त्याचा पराभव केला. ही लढाई अंबरने नेहमीची रीत सोडून समोरासमोर दिली होती. त्याचे स्वार नाल्याच्या चिखलात रुतले व तोफांच्या माऱ्यात सापडले. विजयी फौजेने त्याची नवी वसविलेली खिडकी (खडकी) जाळली. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रमशी तह होऊन अहमदनगर व बालाघाटचा मुलूख त्याला सोडावा लागला. याच यशाबद्दल खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. अंबरने १६२० मध्ये तह मोडून मुलूख परत घेतला व १६२१ मध्ये पुन्हा तह केला. तह हा त्याच्या दृष्टीने विश्रांतीचाच एक प्रकार होता.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी लढाई वयाच्या पंचाहत्तरीनंतरची आहे. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाह यांनी त्याच्याविरुद्ध हातमिळवणी केली. त्याने गोवळकोंड्याच्या कुत्बशाहाशी सलोखा केला, बीदर लुटले व थेट विजापूरला वेढा दिला. आदिलशाहाने बऱ्हाणपूरकडे असलेला आपला सेनापती मुल्ला मुहम्मद लारी याला मोगल कुमकेसह परत बोलाविले, तेव्हा अंबर वेढा उठवून मागे हटला व अहमदनगरजवळच्या भातवडी येथे थांबला. तेथील तलावाचा बांध त्याने फोडला. पाणी व चिखल यांमुळे शत्रूची चाल खुंटली, धान्य संपत आले, रात्रीचे छापे चालूच राहिले आणि उपासमारीने शत्रूकडील शिपाई फुटून येऊ लागले. शेवटच्या हल्ल्यात लारी मारला गेला व अनेक मोगल सरदार कैद झाले. रोशनगावी ज्या चिखलाने घात केला, तो येथे त्याने स्वतः निर्माण केला होता. या लढाईत शहाजी भोसले निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी रणांगणावर पडले. शहाजींचे सासरे लखुजी जाधव मोगलांच्या बाजूस होते. विजयानंतर अंबरने विजापूरजवळचे नौरसपूर लुटले व १६२५ मध्ये सोलापूर जिंकले. परंतु त्याच सुमारास शहाजी निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. मराठे सरदारांना त्याने बळ दिले. त्यांना बांधून ठेवणे मात्र त्याला नेहमीच साधले नाही.

सततच्या युद्धाला लागणारा पैसा जमिनीतूनच येणार होता. उजाड गावे पुन्हा वसविणे, जमिनीची प्रत पाहून सारा ठरविणे, मक्तेदारांऐवजी पाटील व कुळकर्णी यांना वतनावर कायम करून वसुली त्यांच्यावर सोपविणे, ही त्याच्या व्यवस्थेची मुख्य अंगे होत. प्रारंभी उत्पन्नाचा सुमारे दोन पंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेतला जाई. पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर करण्यात आले व तो सुमारे एक तृतीयांश पडे, असे सांगितले जाते. ही पद्धत मलिकंबरी या नावाने दीर्घकाळ लोकांच्या स्मरणात राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज महसूल अधिकाऱ्यांनी तिची कसून चौकशी केल्याचे त्यांच्या दप्तरांवरून दिसते.

खिडकी हे नगर त्याने १६१० च्या सुमारास वसविले. औरंगजेबाने पुढे त्याला औरंगाबाद हे नाव दिले. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. भडकल दरवाजा व काळी मशीद या वास्तू त्याच्या काळातील आहेत. त्याची सर्वांत उपयुक्त कृती म्हणजे नहरे अंबरी. उत्तरेकडील उंच भागातील भूगर्भजल बंदिस्त पाटांतून, उताराच्या जोरावर, शहरातील हौदांपर्यंत आणण्यात आले. वाटेत हवा खेळण्यासाठी व गाळ काढण्यासाठी ठिकठिकाणी विटा-दगडांचे उभे झरोके बांधले आहेत. विसाव्या शतकातही तिच्या काही भागांतून पाणी वाहत होते.

जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख जवळजवळ दरवेळी शिवीगाळ करूनच केला आहे. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने काढलेल्या एका चित्रात तर बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दाखविला आहे. प्रत्यक्षात असा प्रसंग कधीच घडला नाही. उलट जहांगीरच्याच दरबारातील मुतमदखानाने अंबरच्या मृत्यूची नोंद करताना युद्धकौशल्य, कारभार व न्यायबुद्धी यांबाबत त्याला तोड नसल्याचे मोकळेपणाने मान्य केले आहे. शत्रूपक्षाकडून आलेले हे मत अधिक विश्वसनीय मानावे लागते. शिवकालीन गनिमी काव्याचे सर्व श्रेय अंबरला देण्याचा प्रघात मात्र अतिशयोक्तीचा आहे. ही रीत दक्षिणेत त्याच्याही पूर्वी होती. त्याने ती मोठ्या प्रमाणावर व सलग अनेक वर्षे वापरून दाखविली.

त्याच्यामागे मुलगा फत्तेखान अधिकारावर आला. पण त्याच्या ठायी पित्याची धडाडी नव्हती व धोरणही नव्हते. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले. शहाजींनी आणखी एका वारसाच्या नावाने अंबरच्याच धर्तीवर तीन वर्षे झुंज दिली, परंतु १६३६ मध्ये माहुलीला त्यांना शरण जावे लागले व निजामशाही संपुष्टात आली. अंबरची कबर खुलदाबाद येथे आहे. घुमटाच्या या वास्तूशेजारी त्याची पत्नी बीबी करीमा हिची लहान कबर आहे.