जांभूळ : फळाचे झाड, लाकडाचे झाड

शाळेच्या पुस्तकात देवदाराचे चित्र येते आणि एखादा मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, असलं झाड आपल्या घाटात का नाही?" प्रश्न रास्त आहे. देवदार, चीड ही सूचिपर्णी झाडे हिमालयातली. सह्याद्रीत त्या वर्गातले देशी झाड भेटते ते पार दक्षिणेला, केरळ-तामिळनाडूकडच्या डोंगरांत. आपल्या घाटात ते नाही. पण फळही द्यावे आणि लाकूडही द्यावे, हे काम आपल्याकडे जांभूळ करते.

चाकणहून भीमाशंकरला चला. तालुका तोच, खेड. पाऊस मात्र कैकपटीने अधिक. तिथल्या सदाहरित रानात अंजनी आणि जांभूळ ही मुख्य झाडे. १९८५ साली हे रान अभयारण्य झाले. शेकरू तिथे उंच फांद्यांवर घरटे बांधते.

शिक्षकबंधूंनो, जांभळाचे पान मुलांच्या हाती द्या. ते उजेडाकडे धरले की बारीक ठिपके दिसतात. त्यांत सुगंधी तेल असते. पान चुरगळले की वास येतो. पेरू आणि लवंग ही याच कुळातली भावंडे, बरं का!

आता लाकूड. पाण्यात ते लवकर कुजत नाही. म्हणून पूर्वी विहीर बांधताना तळाशी जांभळाच्या लाकडाचे कडे बसवीत आणि त्यावर बांधकाम चढवीत. पण गंमत अशी, की उभ्या झाडाची फांदी ठिसूळ. पोरांना वर चढू देऊ नका. खाली धोतर पसरा आणि लांब काठीने फांदी हलवा.

पूर्वी जांभूळ कुणी मुद्दाम लावीत नसे. पाखरे आणि वटवाघळे फळ खात, बी बांधावर पडे आणि पावसात रुजे. आज चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात कारखाने, गोदामे आणि रुंद रस्ते झाले. पाखरू बी टाकते, पण ते पडते सिमेंटवर. विहिरींनाही सिमेंटची कडी आली, म्हणून लाकडासाठी झाड राखण्याची गरज उरली नाही. जुने झाड गेले की त्याच्या जागी नवे येत नाही. पाखराचे काम आता माणसाने करायचे.

ते अवघड नाही. जांभळाचे बी सुकले की मरते. म्हणून साठवू नका. जूनमध्ये फळ खाल्ले, की बी धुवून त्याच आठवड्यात मातीत लावा. एका बीतून कधी दोन-तीन रोपेही निघतात. जोमदार एक ठेवा. बियांपासूनचे झाड साधारण आठ-दहा वर्षांनी फळते.

पहिलीतल्या मुलाने बी लावले, तर शाळा सोडताना कदाचित त्याची जीभ त्याच झाडाच्या फळाने जांभळी झालेली असेल.