बोटभर रोबोची खरी परीक्षा

रूप बदलणाऱ्या रोबोंची पारख करताना सांधे मोजायची सवय आता सगळ्यांनाच लागली आहे. हल्ली खोक्यावरच ‘इतक्या टप्प्यांत रूपांतर’ असा आकडा छापलेला असतो आणि मोठा आकडा म्हणजे भारी खेळणं, असं घेणाऱ्यालाही वाटतं. वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीच्या रोबोच्या बाबतीत त्यात थोडंफार तथ्य आहे. पण पाच-सहा सेंटिमीटरचा रोबो आणि त्याच्या जोडीला एखादी मोठी गाडी, अशी जोडी समोर असते तेव्हा हा आकडा चक्क दिशाभूल करतो. माझं म्हणणं असं, की रोबो लहान असेल तर सांधे जितके कमी आणि प्रत्येक भागावर कामं जितकी जास्त, तितकं खेळणं सरस. सोबतच्या गाडीचा कस लावायचा तो एकाच गोष्टीवर: लहान असल्यामुळे रोबोला जे जमत नाही, ते ही गाडी त्याच्यासाठी करते का?

यामागचं गणित जुनं आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात आकार बदलला की बळाचं आणि वजनाचं नातं कसं बदलतं, हे मांडून ठेवलं होतं. तेच इथे लावून पाहू. वीस सेंटिमीटरचा एक रोबो घ्या आणि त्याचीच हुबेहूब पाच सेंटिमीटरची प्रतिकृती करा. लांबी एक चतुर्थांश झाली म्हणजे वजन चौसष्टावा भाग झालं. पुढे धरलेला हात खांद्याला खाली ओढतो तो वजन आणि हाताची लांबी यांच्या गुणाकाराने, म्हणजे ही ओढ २५६ पटींनी घटली. खांद्याच्या सांध्यात हात रोखून धरतं ते घर्षण. दाब तोच राहिला, तर घासणारा पृष्ठभाग सोळावा भाग आणि खिळ्याची त्रिज्या चौथा भाग होते, त्यामुळे सांध्याची पकड ६४ पटींनी घटते. ओढ २५६ पटींनी कमी आणि पकड फक्त ६४ पटींनी, म्हणजे लहान रोबो स्वतःचं वजन पेलायला उलट चौपट समर्थ ठरतो. मोठ्या रोबोंच्या खांद्यात कटकट वाजणारे दातेरी सांधे घालावे लागतात, तिथे छोट्याचं काम साध्या घट्ट खिळ्यावर भागतं ते यामुळे. पण खेळणं हाताळणारं बोट काही एक चतुर्थांश झालेलं नसतं. मुलाने हाताच्या टोकाला तेवढ्याच जोराने ओढलं, तर तरफ चौथ्या भागाची होते खरी, पण खिळ्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे, म्हणजे ६४ पटींनी, घसरते. हिशोब केला तर खिळ्यावरचा ताण सोळा पट निघतो. स्वतःच्या वजनापुढे चौपट भक्कम आणि मुलाच्या बोटापुढे सोळा पट नाजूक, अशी या छोट्याची अवस्था असते. लहान रोबो उभा राहून मोडत नाही. तो मोडतो रूप बदलताना. म्हणजेच रूपांतराचा प्रत्येक वाढीव टप्पा हा मोडण्याचा एक वाढीव प्रसंग असतो.

त्यात साच्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकची भर. पाच मिलिमीटरच्या खिळ्यात दशांश मिलिमीटरचा फरक पडला, तर तो दोन टक्के. दोन मिलिमीटरच्या खिळ्यात तोच फरक पाच टक्के. साच्याची अचूकता खेळण्याबरोबर लहान होत जात नाही, आणि एकापुढे एक चार सांधे आले की चारही फटी एकमेकींत मिळतात. गाडीच्या टपाचे दोन अर्धे तुकडे नीट जुळत नाहीत, दार अर्धवट उचललेलं राहतं, ते बहुतेक वेळा यातूनच. अंगाला टणक, चकचकीत एबीएस प्लॅस्टिक आणि सांध्यांना निसरडं, झीज सोसणारं पीओएम प्लॅस्टिक अशी विभागणी जाणकार निर्माते करतात. पीओएमवर रंग नीट बसत नाही, म्हणून सांधा उघडा दिसतो, रंगात थोडा वेगळा पडतो. लहान खेळण्यात असा वेगळ्या छटेचा सांधा दिसला तर मी तो गुणच मानेन.

आता कमी सांध्यांत काय साधता येतं ते पाहा. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ १९८४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने आणले, पण त्यातली पहिली खेळणी जपानच्या ताकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या मालिकांमधून घेतलेली होती. त्यातला बुटका पिवळा बम्बलबी म्हणजे आखूड केलेली फोक्सवॅगन बीटल. पाय ओढून लांब करायचे, बाजूंचे हात बाहेर काढायचे, की झाला रोबो. त्याला ना कोपर, ना गुडघा. पण गाडीचा भाग म्हणून जे दिसत होतं तेच रोबोचं अंग होतं, आणि ते समोरच्याला लख्ख कळत होतं. त्याच वर्षीचा ऑप्टिमस प्राइम आकाराने मोठा, पण तत्त्व तेच: ट्रकच्या समोरच्या काचा म्हणजे रोबोची छाती. एक भाग, दोन भूमिका. याच्या उलट प्रकारही बाजारात भरपूर आहे. आत एक बारीक रोबो घडी घालून ठेवलेला आणि वरून गाडीचं टरफल. रोबो झाला की ते टरफल पाठीवर लोंबकळतं. टप्पे पंधरा असोत की पंचवीस, अशा खेळण्यात रूपांतर झालेलं नसतं, नुसतं आवरण काढून मागे टांगलेलं असतं. म्हणून पारख करायची तर रोबो उभा करावा, त्याचा एकेक भाग बोटाने दाखवावा आणि विचारावं, गाडीत हा काय होता आणि आता काय आहे? ज्यांना एकच उत्तर आहे असे भाग जितके जास्त, तितकं खेळणं कच्चं. या कसोटीवर तो गाजलेला पहिला प्राइमसुद्धा एका ठिकाणी उणा पडतो. त्याच्या मुठी सुट्या होत्या, ट्रक करताना त्या काढून बाजूला ठेवाव्या लागत, आणि सुटी मूठ हरवणारच.

सोबतच्या गाडीचा प्रश्न याहून रंजक आहे. प्राइमचा ट्रेलर उघडून सपाट पसरला की दुरुस्तीचं ठाणं होई. आत यांत्रिक हाताचं एक यंत्र आणि रोलर नावाची चिमुकली गाडी. प्राइम मात्र स्वतः त्या ठाण्याच्या मानाने अवजड दिसतो, आणि रोलरमध्ये बसायला तर त्याला जागाच नाही. कारण हे सगळं मुळात त्याच्यासाठी आखलेलंच नव्हतं. डायाक्लोनमध्ये पायात चुंबक असलेले, जेमतेम तीन सेंटिमीटरचे चालक होते. ट्रेलर, रोलर, त्यातल्या बैठका त्यांच्या मापाच्या. अमेरिकेत रोबोंनाच जिवंत पात्रं केलं गेलं, चालक गळाले आणि बैठका रिकाम्या राहिल्या. ही जागा भरली ती १९८९ च्या ‘मायक्रोमास्टर’ मालिकेने. साधारण पाच सेंटिमीटरचे हे रोबो स्वतः मोटार, विमान, रणगाडा होत आणि त्यांच्यासाठी वाहक गाड्या, ठाणी, तळ असे संच असत. गाडी उघडली की तिचं ठाणं होई. ठाणी आणि तळ उताराच्या फळ्यांनी एकमेकांना जोडता येत, म्हणजे मोटार झालेला रोबो एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जाऊ शके. चालक आणि वाहन यांच्यातलं हरवलेलं माप इथे पुन्हा जुळलं, तेही चालकच रूप बदलणारा करून. मला ही त्या मालिकेची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. छोट्याच्या अंगात तोफ, पंख, शिडी कोंबण्याऐवजी ती सगळी गाडीवर टाकली. जाड खिळे, मोठ्या बिजागऱ्या, जोर लावून उघडायचे भाग हे सगळं जिथे बोटाचा जोर सोसवतो, तिथे गेलं.

जुळणीची दुसरी खूण म्हणजे खुंटी. जपानी खेळण्यांमधून आलेलं पाच मिलिमीटर खुंटीचं माप आजच्या बहुतेक ट्रान्सफॉर्मर्समध्ये टिकून आहे. अलीकडच्या ‘सीज’ मालिकेत मायक्रोमास्टर परतले, तेव्हा त्यांतल्या काही जोड्या एकत्र जोडून मोठ्या रोबोच्या हातात बसणारं शस्त्र करण्याची सोय त्याच मापामुळे झाली. संचातल्या गाडीवर रोबो नुसता ठेवायचा आहे की खुंटीने बसतो, दोन्ही रूपांत बसतो की एकाच, हे दुकानात विचारून घ्यायला हवं. नुसता ठेवायचा असेल, तर गाडी जरा हलली की तो पडणार आणि खेळ थांबणार.

चाकांचीही एक सोपी चाचणी आहे. छोट्या मोटारीचं चाक आसावर घासतं आणि हे घर्षण किती अडवणार ते आसाच्या आणि चाकाच्या त्रिज्यांच्या गुणोत्तरावर ठरतं. चाक चार मिलिमीटर त्रिज्येचं, आस एक मिलिमीटरचा आणि घर्षणगुणांक ०.३ धरला, तर तीस सेंटिमीटरची पट्टी एका टोकाला सव्वादोन सेंटिमीटर उचलली की मोटार आपसूक घरंगळायला हवी. आस दोन मिलिमीटर त्रिज्येचा असेल तर साडेचार सेंटिमीटर उचलावं लागेल. बारीक धातूच्या आसाऐवजी प्लॅस्टिकचा जाड आस वापरला की नेमकं हेच होतं, आणि मग संचातला उतार शोभेपुरता उरतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की कल्पनेत रमणाऱ्या मुलाला या मोजमापांशी काय देणं-घेणं? मुलाला नसेलच. पण कल्पनाशक्तीने मोडका खांदा जुळत नाही, आणि खेळ किती दिवस चालणार हे खांद्यावर ठरतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सांधे कमी केले तर रोबो ओंडक्यासारखा दिसतो, त्याला पळता, वाकता, लढता येत नाही. हे खरं आहे, आणि कपाटात मांडण्यासाठी घेणाऱ्या मोठ्या माणसाने जास्त सांध्यांचा छोटा रोबो खुशाल घ्यावा. त्याचं बोट सावध असतं आणि रूपांतर क्वचित होतं. मुलासाठी मात्र सांधे वाढवायचेच, तर ते रूपांतरात कामी येणारे असावेत. पाय वळवण्यासाठी लागणारी बिजागरीच गुडघा झाली, तर पळण्याची ऐट फुकटात मिळते. तिसरा आक्षेप किमतीचा: रोबो बोटाएवढा आणि पैसे जातात पोकळ गाडीचे. गाडी नुसतं खोकं असेल तर ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. तिलाही दोन रूपं असतील आणि रोबो बाजूला ठेवूनही तिच्याशी खेळता येत असेल, तर पैसे रोबोपेक्षा तिच्यातच जास्त सत्कारणी लागले.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरात मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवावा. सुटे भाग घशात अडकण्याचा धोका तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारा भाग त्या वयासाठी निषिद्ध. या रोबोंच्या बंदुका, मुठी, कित्येकदा अख्खा रोबोच त्यात मावू शकतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर, परदेशी मालावरसुद्धा, आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते आणि खोक्यावरचं वय आधी पाहावं, टप्प्यांचा आकडा नंतर.