उंबरठ्याआतील कामगार

गिरणीच्या दारातून आत शिरलेला कायदा घराच्या उंबरठ्यापाशी मात्र थबकतो. धुणीभांडी करणारी स्त्री ‘मोलकरीण’ ठरते, कामगार नव्हे. जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जिनिव्हा येथे १८९ क्रमांकाचा करार संमत करून हा भेद अमान्य केला. आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती आणि परदेशात राबणाऱ्या स्त्रीचे पारपत्र तिच्याच हाती, हे त्याने हक्क म्हणून मान्य केले. भारताने कराराच्या बाजूने मत दिले. त्यास मान्यतेची मोहोर मात्र अद्याप उमटलेली नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु कल्याण म्हणजे हक्क नव्हे. आखातात राबणाऱ्या आपल्या भगिनींसाठी न्याय मागणाऱ्यांनी तो प्रथम आपल्या स्वयंपाकघरात द्यावयास नको काय?