राखीव कोअर आणि कर्नेलची दखल: काही गैरसमज

दहा गिगाबिटांच्या इथरनेटवर 64 बाइटांच्या लहानात लहान चौकटी एकीमागून एक येऊ लागल्या, म्हणजे त्यांची संख्या सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाखांवर जाते आणि एका चौकटीच्या वाट्यास जेमतेम 67 नॅनोसेकंद येतात. अशा वेळी कर्नेलने आपल्या किरकोळ कारभारासाठी केवळ 10 मायक्रोसेकंद प्रोसेसर हाती घेतला, तरी दीडशेच्या आसपास चौकटी दाराशी तिष्ठत राहतात. अशा विलंब-असहिष्णु कामासाठी एखादा कोअर पूर्णपणे मोकळा कसा राखावा, आणि त्याची मागणी कर्नेलपाशी कोणत्या शब्दांत करावी, हा कार्यप्रणालीच्या रचनेतील जुना वाद आहे. लिनक्सच्या संदर्भात त्याविषयी ज्या समजुती रूढ झाल्या आहेत, त्यांतील बऱ्याचशा अर्धसत्य आहेत.

वेगवान प्रोसेसर घेतला की विलंब मिटतो, ही त्यांतील सर्वांत भाबडी समजूत. वेग हा सरासरीचा गुण आहे. येथे हिशेब मागितला जातो तो वाईटात वाईट क्षणाचा, आणि त्या क्षणी प्रोसेसर किती चपळ आहे यापेक्षा तो कोणाच्या ताब्यात आहे हे महत्त्वाचे ठरते.

दुसरी समजूत अशी की, कामाला विशिष्ट कोअरशी बांधून टाकले, म्हणजे तो कोअर त्याला आंदण मिळाला. पंगतीत मी अमुकच पाटावर बसेन असा एखाद्याने नेम केला, म्हणून त्या पाटावर दुसरा कोणी बसणार नाही अशी हमी यजमानाने दिली असे होत नाही. बांधणीचा हुकूम त्या एका कामावर चालतो, इतरांना मज्जाव करीत नाही. मग पुष्कळ लोक सर्वोच्च, म्हणजे वास्तव-काल, प्राधान्याकडे वळतात. इतर कामे त्याने मागे सरतात हे खरे, परंतु यंत्रांचे इंटरप्ट आणि घड्याळाचे ठोके प्राधान्याची पर्वा करीत नाहीत. शिवाय त्या कोअरवरचे कर्नेलचे स्वतःचे धागे उपाशी राहिले, तर त्यांची वाट पाहणारी दूरची कामेही अडकून पडतात. म्हणूनच लिनक्सने मूळ तजवीज अशी केली की, वास्तव-काल कामांना दर सेकंदातून 0.95 सेकंदच मिळावा. ती मर्यादा काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण बेधडक देतात. परिणामांची जबाबदारी मात्र घेत नाहीत.

याहून जाणकारांची समजूत अधिक सूक्ष्म आहे: प्रणाली सुरू करतानाच कोअर विलग केला आणि त्यावरील घड्याळाचा ठोका बंद केला, की कर्नेल मुका झाला. सेकंदाला 250 ठोक्यांची मांडणी असेल, तर दर चार मिलिसेकंदांनी कर्नेल डोकावतो, हे टाळण्याची सोय 2013 साली 3.10 या आवृत्तीत आली. पण तिला अटी आहेत. त्या कोअरवर धावण्याजोगे काम एकच असले पाहिजे, दुसरे येताच ठोका परततो. आणि किरकोळ कारभारासाठी निदान एक कोअर बाहेर ठेवावाच लागतो. इतके करूनही सेकंदाला एक ठोका उरत असे; तो 2018 सालच्या 4.17 मध्ये कारभारी कोअरांकडे सोपवला गेला. तरीही त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या धाग्याने स्मृतीचा एखादा तुकडा परत केला, तर पत्त्यांच्या जुन्या नोंदी पुसण्यासाठी या कोअरला संदेश येतोच. आणि या शांततेचे मोलही द्यावे लागते: कर्नेलमध्ये जाणे-येणे महाग होते, म्हणून वारंवार सिस्टम कॉल करणाऱ्या प्रोग्रामला अशा कोअरवर तोटाच होतो.

वास्तव-काल कर्नेल म्हणजेच विलगीकरण, असेही मानले जाते. अशा कर्नेलसाठी लागणारे, दीर्घकाळ बाहेर राहिलेले बदल नोव्हेंबर 2024 च्या 6.12 मध्ये मुख्य शाखेत दाखल झाले. परंतु घटना घडल्यावर ठरावीक मुदतीत प्रतिसाद मिळेल हे त्यांचे वचन आहे. कोणी व्यत्यय आणणारच नाही असे वचन त्यांनी कधी दिलेले नाही.

आता मुख्य प्रश्न इंटरफेसचा, ज्याविषयीचा गैरसमज मला सर्वांत हानिकारक वाटतो: विलगीकरण हे एक बटण आहे, आणि कर्नेल लिहिणारे ते देण्यात दिरंगाई करतात. यंत्राचा आराखडा प्रशासकाला ठाऊक असतो, पण निर्णायक क्षण केव्हा सुरू होतो हे प्रोग्रामलाच ठाऊक असते. म्हणून कोअर कोणी राखावा आणि शांतता कोणी मागावी, हे दोन निराळे अधिकार आहेत. पहिल्यासाठी एकेकाळी प्रणाली नव्याने सुरू करावी लागे. आता सीपीयूसेट या कोअर-वाटपाच्या सोयीतील विलग विभागांमुळे चालू यंत्रावरही ते साधते. दुसऱ्यासाठी 2015 साली ख्रिस मेटकाफ यांनी प्रस्ताव मांडला: प्रोग्रामने विनंती करावी, कर्नेलने प्रलंबित हिशेब आणि टायमर मिटवूनच त्याला परत सोडावे, आणि कडक अटीत प्रोग्रामने स्वतः सिस्टम कॉल केल्यास त्याला सिग्नल पाठवावा. पुढे इतरांनीही अशा आवृत्त्या मांडल्या, पण मेटकाफ यांचा प्रस्ताव मुख्य शाखेत स्वीकारला गेला नाही. आक्षेप क्षुल्लक नव्हते. शांतता मिळत नसेल, तर किती थांबावे, की चूक कळवून मोकळे व्हावे? प्रत्येक कोअरवर करावयाची कामे विलग कोअरपुरती पुढे ढकलली, तर त्यांतील कोणती ढकलणे सुरक्षित आहे? कर्नेलच्या कानाकोपऱ्यात तपासण्या पेरून त्या पिढ्यान्‌पिढ्या कोणी जपाव्यात? माझ्या मते, वचन मोडले तेव्हा ते कोणामुळे मोडले हे स्पष्ट सांगणारा इंटरफेस, भरघोस वचन देऊन गप्प राहणाऱ्या इंटरफेसपेक्षा अधिक उपयोगी आहे.

कारण काही व्यत्यय कर्नेलच्या अंमलाखालीच येत नाहीत. एक्स-86 यंत्रांवर फर्मवेअर आपल्या इंटरप्टने प्रोसेसर काढून घेते आणि कर्नेलला त्याची वर्दीही लागत नाही. एकाच कोअरच्या जोड-धाग्यावरचे शेजारचे काम सामायिक साधने ओरबाडते, ते निराळेच. तेव्हा ज्यांना राखीव कोअर हवा आहे, त्यांनी सुरुवातीच्या आज्ञावलीत नवी पदे भरण्यापूर्वी, 5.14 पासून कर्नेलमध्येच असलेला ओएसनॉइझ हा ट्रेसर त्या कोअरवर चालवावा. इंटरप्ट, कर्नेलचे धागे आणि हार्डवेअर यांनी किती वेळ खाल्ला याची निरनिराळी नोंद तो देतो, आणि पुढचा बंदोबस्त त्या नोंदीवरूनच करावा.