अठ्ठेचाळीस मात्रांची परीक्षा

अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलसच्या उत्तरेला डेंटन नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात दुपारी एक वाजता एका बँडची तालीम सुरू होते आणि त्या बँडचं नावच ‘वन ओ’क्लॉक लॅब बँड’ असं आहे. दोन वाजता बसणारा बँड टू ओ’क्लॉक, त्यानंतर तीनचा, मग चारचा. एकचा बँड सगळ्यांत वरचा. त्यामुळे इथला ट्रम्पेटवाला किंवा ड्रमर आपल्या तालमीची वेळ सांगतो तेव्हा त्याची पायरीही समोरच्याला कळते. या बँडनं १९६७ साली व्हाइट हाउसमध्ये थायलंडच्या राजा-राणीसमोर वाजवलं, तेव्हा ड्यूक एलिंग्टन आणि स्टॅन गेट्झ कार्यक्रमात होते. बँडप्रमुख स्टॅन केंटननं पुढे आपल्या स्वरलिप्यांचा सगळा संग्रह याच विद्यापीठाला दिला.

जॅझची पदवी देणारं अमेरिकेतलं हे पहिलं ठिकाण. साल १९४७. तेव्हा याचं नाव नॉर्थ टेक्सास स्टेट टीचर्स कॉलेज होतं. शिक्षक घडवणारी सरकारी संस्था. जीन हॉल नावाचा सॅक्सोफोनवादक नाचगाण्याच्या बँडमधून वाजवून पोट भरत तिथे शिकला आणि अशा वादकांना कॉलेजात काय काय शिकवायला हवं, यावरच त्यानं एम.ए.चा प्रबंध लिहिला. पुढे त्याच्याकडेच अभ्यासक्रम उभा करायचं काम आलं. पदवीच्या कागदांवर मात्र जॅझ हा शब्द नव्हता. ‘डान्स बँड’ असं सोवळं नाव दिलं होतं, कारण दारूच्या गुत्त्यांतलं हे संगीत विद्यापीठात आणायचं म्हटल्यावर लोकांच्या भुवया उंचावत होत्या. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलत होतं आणि लष्करी बँडमधून परतलेली तरुण मुलं कॉलेजांच्या दारात उभी होती. बॉस्टनमध्ये लॉरेन्स बर्क यांनी १९४५ साली काढलेली शाळाही याच लाटेवर वाढली. आज सगळं जग तिला बर्कली म्हणून ओळखतं.

खरं तर या दोघांच्याही आधी जर्मनीत हा प्रयोग झाला होता. फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीत १९२८ साली मात्याश शायबर या हंगेरियन संगीतकारानं जॅझचा वर्ग सुरू केला. नाझी सत्तेवर आले आणि १९३३ मध्ये तो बंद पडला.

डेंटनचं कौतुक करताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४७ साली टेक्सासमध्ये गोऱ्यांची आणि काळ्यांची कॉलेजं वेगळी होती. डेंटनच्या पदवी वर्गात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तो १९५६ मध्ये, तोही कोर्टाची पायरी चढल्यावर. म्हणजे ज्या समाजानं हे संगीत जन्माला घातलं, त्याच्या मुलांना त्याच संगीताच्या पदवीचं दार पहिली नऊ वर्षं बंद होतं. त्यांचं शिक्षण थांबलं नव्हतं, ते दुसरीकडे चाललं होतं. शिकागोच्या डुसाबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट नावाचे कडक शिस्तीचे मास्तर होते. नॅट किंग कोल, जीन अॅमन्स, जॉनी ग्रिफिन ही त्यांच्या हाताखालची मुलं. अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातला बँड १९३०च्या दशकात अर्स्किन हॉकिन्सबरोबर थेट न्यूयॉर्कला पोचला. जॅझच्या पदवीचा कागद त्यांच्याकडे नव्हता. जॅझच्या शिक्षणाचा इतिहास १९४७ पासून सांगायचा तर या मास्तरांची नावं आधी घ्यायला हवीत, असं मला वाटतं.

आता अर्जाकडे वळू. जॅझच्या पदवीसाठी अर्ज करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी दोन दारं ठोठावावी लागतात. एक विद्यापीठाचं: शाळेचे गुण, शिफारसपत्रं, निबंध, परदेशी मुलांना इंग्रजीची परीक्षा. दुसरं संगीत विभागाचं. एक दार उघडलं म्हणून दुसरं उघडेलच असं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांत प्रत्यक्ष ऑडिशनच्या आधी चाळणी होते. त्यासाठी व्हिडिओ पाठवायचे असतात आणि त्यांची मुदत साधारण १ डिसेंबरच्या आसपास संपते. चाळणीतून पार पडलेल्यांना जानेवारी-फेब्रुवारीत बोलावणं येतं, निकाल वसंतात लागतो.

व्हिडिओत काय वाजवायचं याची यादी संस्थेगणिक बदलते, पण गाभा तोच: एक ब्लूज, एक मध्यम किंवा जलद लयीतलं स्टँडर्ड म्हणजे सगळ्या जॅझवाल्यांना ठाऊक असलेली चाल, एक बॅलड म्हणजे संथ चाल, कधी ब्राझिलियन वळणाचा एखादा बोसा नोव्हा. शिवाय कुणा थोर वादकाचा एक सोलो ध्वनिमुद्रणावरून जसाच्या तसा उचललेला. मुलं ब्लूजसाठी चार्ली पार्करचं ‘नाऊज द टाइम’ किंवा सनी रोलिन्सचं ‘टेनर मॅडनेस’ घेतात, बॅलडसाठी ‘बॉडी अँड सोल’. सोलो उचलण्याच्या कामात पळवाट काढता येते, कारण छापील स्वरलिपी बाजारात तयार मिळते. पण परीक्षकाला फरक ताबडतोब कळतो. कागदावरून शिकलेल्याचे सूर बरोबर असतात आणि बोलण्याचा हेल चुकतो: कुठला सूर गिळायचा, कुठला मागे रेंगाळत घ्यायचा, श्वास कुठे तोडायचा, हे कागद सांगत नाही. ज्यानं एकच ओळ शंभरदा ऐकली आहे, त्याच्या वाजवण्यात रोलिन्सचा श्वाससुद्धा येतो.

प्रत्यक्ष ऑडिशनची खोली साधी असते. एक पियानो, एक ड्रमसेट, बासवाल्यासाठी अँप्लिफायर, भिंतीशी टेबल आणि टेबलामागे दोन-तीन प्राध्यापक. अनेक ठिकाणी साथीला तिथलेच विद्यार्थी किंवा शिक्षक असतात. उमेदवारानं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असतं आणि मिनिटभरात त्यांच्याबरोबर वाजवायचं असतं. ‘बी फ्लॅट ब्लूज, तू उचल,’ एवढंच कुणीतरी म्हणतं. परीक्षा तिथेच सुरू होते, कारण लय द्यायची जबाबदारी उमेदवाराची. घाबरलेला मुलगा घाईघाईनं एक ते चार मोजून मोकळा होतो आणि घरी बसवलेल्या लयीपेक्षा पुष्कळ जलद गाडी सुटते. तयारीचा वादक क्षणभर थांबतो, मनात चाल गुणगुणतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी देतो आणि मगच आकडे उच्चारतो. अजून एक सूरही वाजलेला नसतो, तोवर टेबलामागच्या माणसांचं निम्मं मत बनलेलं असतं.

ब्लूजचं आवर्तन बारा बारचं. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. आपल्याकडचे तबलजी याहून लांब आवर्तनं सहज सांभाळतील, पण इथे आवर्तनाच्या पोटात स्वरांचा आधारही सरकत असतो. बी फ्लॅटला षड्ज धरा. पहिल्या बारमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी, असते सा, ग, प आणि कोमल नी. इथला गंधार शुद्ध. पाचव्या बारला कॉर्ड मध्यमावर जाते: म, ध, सा आणि त्यांच्यात कोमल गंधार. म्हणजे चार बारपर्यंत जो शुद्ध गंधार घरचा होता, तो पाचव्यात पाऊल टाकताच परका होतो. नुसत्या बोटांनी वाजवणारा शुद्ध गंधार रेटत राहतो. कानानं वाजवणारा नेमक्या क्षणी अर्धा स्वर खाली उतरतो, आणि त्या एका उतरण्यात ब्लूजचा सगळा दर्द असतो. जलद ताना, उंच सूर, अवघड आकृत्या यांची प्रतिष्ठा आहेच. तरी अनुभवी परीक्षक पाचव्या बारकडे कान लावून बसतो, असं मी समजतो. तिथे खोटं वाजवता येत नाही.

सोलो झाला की चार-चार बारची देवाणघेवाण होते: चार बार सॅक्सोफोन, चार बार ड्रम, पुन्हा सॅक्सोफोन. ड्रमवाल्याच्या चार बारमध्ये स्वराचा कुठलाच आधार नसतो, म्हणून सॅक्सोफोनवाल्याला आवर्तन मनात चालू ठेवावं लागतं. ड्रमरनं काय म्हटलं ते ऐकून पुढच्या चार बारमध्ये त्याला उत्तर दिलं तर खोलीतले चेहरे बदलतात. ठरवून आणलेलंच वाजवलं तर काहीच घडत नाही. बासवाल्याची कसोटी वेगळी: त्याला सोलो करायला सांगतील न सांगतील, पण मात्रेगणिक एक सूर टाकत चालणारी त्याची ओळ मिनिटभर निर्धास्त चालली पाहिजे. ड्रमरला स्विंग, बोसा आणि ब्रशांनी बॅलड मागतात. यांतले ब्रश सगळ्यांत कठीण, कारण संथ लयीत दोन मात्रांमधली पोकळी उघडी पडते. पियानोवाल्याला दुसऱ्याच्या सोलोमागे साथ करायला लावतात आणि तो कधी वाजवत नाही याकडे लक्ष ठेवतात. गायिकेनं आपल्या पट्टीतली स्वरलिपी स्वतः लिहून आणावी, लय स्वतः द्यावी आणि सुरुवात-शेवट कसा करायचा हे साथीदारांना दोन वाक्यांत सांगावं अशी अपेक्षा असते. सुरेल गळा असूनही मुली इथे अडखळतात, कारण आयुष्यभर कुणीतरी दुसऱ्यानंच त्यांना सूर दिलेला असतो.

त्यानंतर कानाची परीक्षा. पियानोवर एक तुकडा वाजतो, तो परत वाजवायचा किंवा गायचा. कॉर्ड ऐकून तिची जात ओळखायची. मग कधी न पाहिलेला कागद समोर ठेवतात. डेंटनसारख्या मोठ्या बँडांच्या शाळेत या वाचनाला फार किंमत आहे. शेवटी थोड्या गप्पा. ‘सध्या कोणाला ऐकतोस?’ हा प्रश्न बहुधा येतोच आणि तो सगळ्यांत कस पाहणारा प्रश्न आहे. नावं पाठ करून आलेल्या मुलाला दुसरा प्रश्न विचारला की तो गप्प होतो. ज्यानं एखादी तबकडी खरोखर झिजवली आहे, त्याला थांबवावं लागतं.

या शिक्षणावरचा जुना आक्षेप असा की शाळांनी सगळ्यांचे आवाज एकसारखे केले. त्यात तथ्य आहे. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून साथसंगतीच्या तबकड्या काढल्या. त्या लावून घरबसल्या सराव करता येऊ लागला. १९७०च्या दशकात बर्कलीच्या परिसरात ‘रिअल बुक’ हा स्वरलिप्यांचा बेकायदा संग्रह फोटोकॉपीवर हातोहात फिरला. त्यात चुका होत्या आणि त्या चुकांसकट तो जगभर पाठ झाला. रीतसर परवानगीची आवृत्ती थेट २००४ मध्ये आली. या साधनांनी लाखो मुलांना दार उघडून दिलं, हे मी मनापासून मानतो. पण तबकडी उमेदवाराचं ऐकत नाही. तो चुकला तरी ती पुढे जाते, तो खुलला तरी ती तशीच. अशा साथीवर वर्षानुवर्षं वाढलेला मुलगा ऑडिशनला येतो आणि समोरचा जिवंत ड्रमर त्याला काही सांगू पाहतो, तेव्हा तो गोंधळतो.

मुंबईच्या जॅझवाल्यांना ही अडचण कधीच नव्हती. गोव्याच्या पॅरिश शाळांत मेस्त्रीच्या, म्हणजे संगीतशिक्षकाच्या, छडीखाली सोल्फेज (स्वरलिपी गाऊन वाचणं) आणि व्हायोलिन शिकून आलेली मुलं मुंबईत आली तेव्हा समोर येईल तो कागद वाचायची. १९३५ मध्ये लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला आणि गोव्याची मुलं त्या वादकांच्या शेजारी बसून स्विंग शिकली. त्यांतला अँतोनियो शाविएर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग. आपल्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या ‘अलबेला’त त्याला आणि त्याच्या बँडला आणलं. भगवानदादांच्या नाचामागे जो ट्रम्पेट वाजतो त्याची शाळा ताजच्या बॉलरूममध्ये झाली होती.

आज पुण्यातून, वसईतून किंवा मडगावहून अर्ज करणाऱ्या मुलाच्या वाट्याला तसं हॉटेल नाही. त्याच्या फोनमध्ये सगळे सोलो आहेत आणि शेजारी वाजवणारं कुणी नाही. वाचन तो ट्रिनिटीच्या परीक्षांमधून शिकलेला असतो, हातही तयार असतो. कमी पडते ती संगत.

डेंटनमध्ये प्रवेश मिळाल्यावरही हे संपत नाही. दर सत्राच्या सुरुवातीला बँडांच्या जागांसाठी पुन्हा ऑडिशन होते, जुन्या-नव्या सगळ्यांची. प्रत्येकाची वाट मात्र एकच्या बँडकडेच जाते असं नाही. पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स इथे जॅझ पियानो शिकायला आली, पदवी न घेता न्यूयॉर्कला गेली आणि २००२ मध्ये तिचं पहिलं गाणं जगानं ऐकलं. मायकल लीग या बासवादक विद्यार्थ्यानं २००४ मध्ये इथल्याच मित्रांना जमवून स्वतःचा ‘स्नार्की पपी’ हा बँड काढला; त्याला पुढे ग्रॅमी मिळाले.

आपल्याकडच्या कुणाला जायचं असेल तर त्यानं वर्षभर आधी एक ड्रमर आणि एक बासवाला गाठावा, ते शिकाऊ असले तरी चालतील. आठवड्यातून एकदा तिघांनी मिळून फक्त ब्लूज वाजवावा, रेकॉर्ड करावा आणि आपला सोलो सोडून बाकीचे दोघे काय करत होते ते ऐकावं. चाळणीचा व्हिडिओही शक्य तर याच तिघांचा पाठवावा. डिसेंबरची मुदत असेल तर हे काम आदल्या डिसेंबरातच सुरू झालेलं बरं, कारण महाराष्ट्रात जॅझ वाजवणारा बासवाला सापडायलाच दोन-तीन महिने जातात.